बाहेरची पेटी

नीलानं माउस डावीकडून उजवीकडे सरकवला आणि कानात काहीच वाजलं नाही. तिनं तो परत हलवला, मुद्दाम जोरात, गोल गोल. काही नाही. तीन वर्षं ती ह्या ऑफिसात हेडफोन लावून बसत होती, आणि तीन वर्षं माउस हलला की कानात बारीक किर्र व्हायचं, हार्ड डिस्क फिरायला लागली की कुणीतरी लांबवर जातं ओढतंय असं वाटायचं, आणि सगळ्याच्या तळाशी पंख्याची आणि विजेची एक गुणगुण कायमची बसलेली असायची. कॉम्प्युटरच्या पोटात जे जे धडधडत होतं ते सगळं तिथल्याच साउंड कार्डात झिरपायचं. आता ते कार्ड बंद होतं. टेबलावर, कॅबिनेटपासून हातभर लांब, साबणाच्या डबीहून थोडी मोठी अशी एक काळी पेटी होती. कंपनीचा मालक विश्वेश्वर, त्यानं ती सिंगापूरहून मागवली होती. टेपरेकॉर्डरची वायर पेटीत शिरत होती, पेटीची एक वायर कॉम्प्युटरला जात होती, हेडफोनही पेटीलाच जोडलेले. आवाजाचं जे काही करायचं ते त्या धडधडत्या डब्याच्या बाहेरच करायचं आणि आत नुसते आकडे पाठवायचे, एवढंच पेटीचं काम. नीलाला हे तत्त्व ठाऊक होतं. पण तत्त्व ठाऊक असणं वेगळं आणि घरातला फ्रिज एकदम बंद पडून तो इतका वेळ चालू होता हे तेव्हा कळणं वेगळं. तिला उगीचच उघड्यावर आल्यासारखं झालं. काचेबाहेर नोव्हेंबरचं ऊन होतं, होसूर रोडवरून ट्रक चालले होते, ते दिसत होते आणि ऐकू येत नव्हते. तिनं मागच्या गुरुवारची टेप सुरू केली. ‘उंबरा,’ मथुराबाई म्हणाल्या. मग एक मोकळी जागा. मग ‘ऊस’. आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत, अगदी बारीक, कुणीतरी बंद दाराच्या फटीतून फुंकर घालावी तशी शीळ वाजली.

तिनं पेटीची वायर काढून परत लावली. टेप मागे घेऊन परत लावली. शीळ तिथंच होती. ‘ऊस’नंतरही होती, ‘ओंजळ’नंतरही, शब्द लांब असला की लांब, आखूड असला की आखूड. आधीच्या गुणगुणीखाली ती दडून राहिली होती. आता गुणगुण गेली आणि ही उरली. म्हणजे ही मशीनची नव्हती. हे नीलाला पहिल्या मिनिटातच कळलं होतं, हे तिनं पुढे स्वतःशी कितीदा तरी कबूल केलं. पण त्या मंगळवारी तिनं ते कळू दिलं नाही. ती पुन्हा पुन्हा वायरी तपासत राहिली, पेटीखाली वर्तमानपत्राची घडी ठेवून पाहिली, टेपरेकॉर्डर दुसऱ्या टेबलावर नेला. माणसाच्या छातीतून येणारा तो आवाज तिच्या इतक्या ओळखीचा होता की त्याला दुसरं कुठलंही नाव द्यायला ती तयार होती.

मथुराबाई येलहंक्याला राहायच्या. त्यांचं घराणं तिथलंच, साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर खाली आलेलं आणि मग परत न गेलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कन्नड मुरलेलं. अशा घरांमधली बोली टिपून तिची एक सीडी करायचं काम एका संशोधन संस्थेनं विश्वेश्वरच्या कंपनीला दिलं होतं. दोन हजार शब्द, एकाच बाईच्या तोंडून. मथुराबाईंनी बत्तीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं, म्हणून त्यांचं नाव पुढं आलं. ऑगस्टपासून दर गुरुवारी त्या येलहंक्याहून मॅजेस्टिक आणि मॅजेस्टिकहून इलेक्ट्रॉनिक सिटी अशा दोन बसा करून, अख्खं शहर वरून खाली ओलांडून यायच्या. हातात डबा, केसांत अबोलीचा एवढासा गजरा. पहिल्याच दिवशी नीलानं त्यांना ‘मॅडम’ म्हटलं तर त्या म्हणाल्या, “मॅडम कशाला? अक्का म्हण. मी पण तुला तू म्हणते, सरी? चालेल ना?” भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या छोट्या खोलीत, पंखा आणि एसी बंद करून, त्या घामाघूम होत शब्द म्हणायच्या. ‘हिरवी मिरची’ला अडल्या होत्या. “आमच्यात मेणसिनकाईच म्हणतात. तुझं ऐकून मिरची म्हटलं तर माझी आई वरून खाली बघेल,” म्हणाल्या आणि हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. तेव्हा नीलानं टेप थांबवली होती, पाणी दिलं होतं, आणि घड्याळाकडे पाहिलं होतं.

विश्वेश्वरनं हेडफोन लावून ती टेप ऐकली. “साफ है, एकदम साफ,” तो खूष होऊन म्हणाला. मग कपाळाला आठी घालून, “ये बीच में क्या है? सीटी जैसा?” नीला म्हणाली, “बघते.” तो म्हणाला, “देखना क्या, काट दो. संस्थेची माणसं महिनाअखेरीस डेमोला येतायत.” हे शेवटचं तो इंग्रजीत म्हणाला, दारातून जाता जाता. संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला, हरीला सांगितलं. हरी सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, यंत्रांच्या थरथरीवर त्याचं काम चालायचं, आवाजाबद्दल त्याच्याशी बोलता यायचं. “एक शीळ येते शब्दांच्या मधे,” ती म्हणाली. “कशाची?” “कळत नाही.” हरी पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, “सोर्स शोध आधी. सोर्स कळल्याशिवाय फिल्टर करू नये.” त्याला ते सहज सुचलं होतं. तिनं टीव्हीचा आवाज वाढवला.

सोर्स. नाशिकच्या घरात दोन खोल्यांच्या मधे एक पातळ भिंत होती, वरून वीतभर उघडी. पलीकडे आई. आईचा दमा नीलाइतकाच जुना, तिच्या जन्मानंतरच सुरू झालेला असं सगळे म्हणायचे आणि नीलाला ते लहानपणी एखाद्या आरोपासारखं वाटायचं. अंथरुणात पडल्या पडल्या तिला भिंतीपलीकडची हवा कळायची. आज बरी आहे, आज वाईट आहे, आज उशा दोन आहेत, आज आई बसूनच आहे. पुढे परीक्षा आल्या, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष आलं, आणि तिनं कानात कापसाचे बोळे घालायला सुरुवात केली. एप्रिलमधली दुपार होती. ती दाराकडे पाठ करून गणितं सोडवत होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर हात ठेवला, गदागदा हलवलं. शेजारच्या जमनाबाई. त्या मागच्या दारानं ताक द्यायला आल्या होत्या आणि आई त्यांना भिंतीला धरून उभी असलेली सापडली होती, ओठ जांभळे, तोंड उघडं. नीलानं कापूस काढला, आणि काय करावं न सुचून तो कंपासपेटीत ठेवला. आई वाचली. सहा दिवसांनी घरी आली. वडलांना म्हणाली, “पोरगी अभ्यासात होती हो,” आणि विषय संपला. त्यानंतर ती चार वर्षं जगली आणि एकदाही तिनं नीलाला विचारलं नाही की, तुला ऐकू आलं नाही का गं. विचारलं असतं तर नीला काय सांगणार होती? कापसानं आवाज बारीक होतो, बंद होत नाही. तिला ऐकू आलं होतं. तिला चांगलं ऐकू आलं होतं, आणि तिनं ठरवलं होतं की तो शेजारच्या बोअरवरचा पंप आहे. पंप आहे असं ठरवल्यावर तिनं अजून दोन गणितं सोडवली होती. दोन्ही बरोबर आली होती.

गुरुवारी मथुराबाई आल्या तेव्हा जिन्यावर थांबून थांबून वर आल्या. खुर्चीत बसल्या, पदरानं मान पुसली. “दम लागतोय का, अक्का?” “बस चढून आले ना. स्वल्प थांब, मग बोलते.” नीलानं पाणी दिलं. टेबलावरची ती काळी पेटी पाहून त्यांनी विचारलं, “हे काय नवीन?” नीलानं सांगितलं. कॉम्प्युटरच्या आतली खरखर आता येत नाही, आवाज बाहेरच्या बाहेर साफ होतो. मथुराबाईंचे डोळे चमकले. जुन्या ऑपरेटरला साफ लाइनीचं जे वेड असतं ते त्यांच्यात अजून शिल्लक होतं. “मला ऐकव की,” त्या म्हणाल्या. नीलाला ते टाळता आलं असतं. पण त्यांनी हेडफोन स्वतःच उचलून, गजरा चुरगळू न देता, कानांवर बसवले होते.

‘उंबरा.’ ‘ऊस.’ ‘ओंजळ.’ मथुराबाई डोळे मिटून ऐकत होत्या. “अय्यो,” त्या हळूच म्हणाल्या, “ही मीच का? किती जवळ बसून बोलतेय.” मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण डोळे उघडले. त्यांनी हात वर केला, पूर्वी एक्स्चेंजमध्ये फोन जोडायच्या फळीसमोर बसून करत असतील तसा. “थांब. लाइनीवर कोण आहे?”

“कोण म्हणजे?”

“कोण तरी श्वास घेतंय गं. आम्हाला कळायचं. दोघं बोलत असायचे आणि तिसरा कोण चोरून ऐकत असला तर त्याचा श्वास यायचा. बोलणारा विसरेल, पण श्वास कसा थांबवेल तो?” त्यांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. “हे बघ. आता परत.”

नीला पडद्याकडे बघत होती. शब्दांचे मोठे हिरवे डोंगर, त्यांच्या मधे ती बारीक, केसासारखी थरथर. खोलीत एसी बंद होता, आणि हेडफोनशिवायही, समोरच्या खुर्चीतून, तीच शीळ आत्ता, ह्या क्षणी येत होती. तिला वाटलं की मथुराबाईंना ती दोन्हीकडून ऐकू येत असणार, कानातून आणि छातीतून, आणि तरी त्या विचारतायत. म्हणजे त्यांना उत्तर हवं होतं. कसलं हवं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

“मशीनचा आवाज आहे तो, अक्का,” नीला म्हणाली.

“नव्या मशीनचा?”

“हो. अजून नीट ॲडजस्ट व्हायचंय ते.”

मथुराबाईंनी हेडफोन काढले. खांदे खाली आले. “मग सरी. मला वाटलं माझीच छाती. आमचा अभिमन्यू, माझ्या भावाचा मुलगा, सारखा मागं लागलाय, डॉक्टर, डॉक्टर. सोमवारची वेळ पण घेऊन ठेवलीय त्यानं. सांगते त्याला, मशीन होतं म्हणून.” त्या हसल्या. “किती शब्द राहिले आता?”

“तीनशे.”

‘तरी जाऊन या डॉक्टरकडे.’ हे वाक्य नीलाच्या तोंडात पूर्ण तयार होतं. त्याच वेळी विश्वेश्वरनं दार ढकलून आत डोकावलं, मथुराबाईंना नमस्कार केला आणि नीलाकडे बघून दोन बोटं वर केली, दोन सेशन? नीलानं मान हलवली. तो गेला. वाक्य तिथंच राहिलं, आणि एकदा राहिल्यावर ते उकरून काढायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं. तिनं त्याऐवजी म्हटलं, “अक्का, शब्द झाला की तोंड जरा बाजूला करून श्वास घ्याल?” मथुराबाई म्हणाल्या, “घेते की.” आणि त्या दुपारभर त्या प्रत्येक शब्दानंतर मान भिंतीकडे वळवून श्वास घेत राहिल्या, एखादी शिक्षा मनापासून भोगणाऱ्या शाळकरी मुलीसारख्या. दीडशे वेळा.

पुढचे सहा दिवस नीला जुन्या सगळ्या टेपा नव्या पेटीतून परत आत घेत होती आणि श्वास कापत होती. काम सोपं होतं. दोन शब्दांमधली जागा निवडायची, एक कळ दाबायची, तिथं सपाट रेघ यायची. तिला वाटलं होतं की हात सरावला की ऐकू येणं बंद होईल. उलट झालं. ती टेपांच्या तारखा ऐकायला लागली. ऑगस्टच्या टेपांत शीळ नव्हती, नुसता श्वास होता, भरदार, तृप्त. सप्टेंबरात, गणपतीच्या आठवड्यानंतर, लांब शब्दांच्या शेवटी काहीतरी खरवडल्यासारखं यायला लागलं. दसऱ्याच्या आधीच्या टेपेत पहिली शीळ. मग प्रत्येक टेपेला थोडी वर चढणारी. एकेका गुरुवारी ती कोणत्या उंचीला होती हे नीलाला आता पाठ झालं होतं. ती कापत गेली आणि पडद्यावर मथुराबाई श्वास न घेता बोलत राहिल्या, शब्दामागून शब्द, आणि ते ऐकताना नीलाचाच जीव घुसमटायला लागला. ती मधेच हेडफोन काढून जिन्यात जाऊन उभी राहायची. तिथंही ऐकू यायचं. बसमध्ये दार बंद होताना हवा सुटायची त्यात ऐकू यायचं, घरी कुकरच्या शिट्टीआधीच्या फुसफुसण्यात ऐकू यायचं. सोमवार आला. सोमवारी सकाळी तिनं फोन उचलला, मथुराबाईंचा नंबर फिरवला, पलीकडे दोनदा रिंग झाली, आणि तिनं ठेवून दिला.

गुरुवारी मथुराबाई आल्या नाहीत. अकराला नाहीत, साडेअकराला नाहीत. बाराला तिनं फोन केला. अभिमन्यूनं उचलला. “मॅडम, मी तुम्हालाच करणार होतो. अक्काला ॲडमिट केलंय. पहाटे एकदम श्वासच घेता येईना. मी फक्त कपडे न्यायला घरी आलोय.” त्यानं हॉस्पिटलचं नाव सांगितलं. नीलानं पर्स उचलली. विश्वेश्वरच्या टेबलापाशी थांबून ती म्हणाली, “मैं जा रही हूँ,” आणि त्यानं कुठे म्हणून विचारायच्या आत ती जिना उतरली होती. दोन बसा. ह्या दोन बसा मथुराबाई दर गुरुवारी उलट दिशेनं करायच्या, हे तिला मॅजेस्टिकच्या गर्दीत उभं असताना पहिल्यांदा नीट कळलं. दोन तास लागले. दोन तास उभ्यानं, त्या छातीनं.

वॉर्डात दुपारचं ऊन सरळ पलंगांवर येत होतं. मथुराबाई तीन उशांना टेकून बसल्या होत्या, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केस मोकळे. नीलाला पाहून त्यांनी मास्क खाली ओढला. “आलीस? एवढं लांब?” मग पलंगाशी उभ्या असलेल्या उंच, दाढी वाढलेल्या माणसाला त्या अभिमानानं म्हणाल्या, “अभिमन्यू, ही नीला. हिनंच सांगितलं ना, छाती नाही, मशीन आहे म्हणून. सोमवारी तेवढ्यासाठीच गेले नाही मी. मशीनवाल्यांना काय कळतं बघ.” त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. त्यांना खरंच ती थट्टा वाटत होती. अभिमन्यूनं नीलाकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं.

“अक्का,” नीला म्हणाली, “मी खोटं बोलले.” तिचा आवाज तिलाच बाहेरून आल्यासारखा वाटला. “तो आवाज मशीनचा नव्हता. तुमचाच होता. मला माहीत होतं.”

शेजारच्या पलंगावरच्या बाई संत्रं सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. मराठी कळत नसतानाही थांबला. अभिमन्यू म्हणाला, “म्हणजे? तुम्हाला माहीत होतं, आणि...” मथुराबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्या नीलाकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून ती थट्टा हळूहळू उतरत गेली, आणि खाली एक ओळख नसलेली, म्हातारी, घाबरलेली बाई उरली.

“का गं?” त्या म्हणाल्या.

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. डेमो, तीनशे शब्द, विश्वेश्वरची दोन बोटं, सगळं सांगता आलं असतं. नाशिकचं घरही सांगता आलं असतं, आणि ते सांगून आपण रडलो असतो आणि त्यांनीच आपल्याला पाणी दिलं असतं, हेही तिला दिसलं. “मला तो आवाज ऐकायचा नव्हता,” ती म्हणाली. “म्हणून.”

मथुराबाईंनी मास्क परत वर घेतला. खिडकीकडे तोंड वळवून त्या श्वास घ्यायला लागल्या. तेवढ्यात डॉक्टर आली, तरुण, कोटावरच्या पाटीवर सौम्या लिहिलेलं. तिनं अभिमन्यूला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, त्यानं खांदे उडवले. हृदयाला काम झेपत नाही, फुप्फुसात पाणी साठलंय, ते कधीपासून आणि किती वेगानं हे कळलं तर औषध ठरवायला बरं, असं तिचं म्हणणं होतं. पण ह्या आजी म्हणतात मला काहीच होत नव्हतं. मथुराबाईंनी मास्क पुन्हा खाली केला. नीलाकडे न बघता, फळीसमोर बसून हुकूम सोडावा तशा त्या म्हणाल्या, “तिला विचारा. ती सांगेल. ऐकलंय तिनं सगळं.”

आणि नीलानं सांगितलं. उभ्या उभ्या, इंग्रजीत, तारखांसकट. ऑगस्टात काही नव्हतं. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात श्वास खरवडायला लागला, आधी फक्त लांब शब्दांनंतर. दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी पहिली शीळ, बाहेर सोडतानाच, आत घेताना नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून दोन्हीकडे. ‘ओंजळ’एवढा शब्द म्हणायला त्यांना आधी एक श्वास पुरायचा, मग दीड लागायला लागला. डॉक्टर लिहीत होती. मधेच तिनं मान वर करून विचारलं, “तुम्ही कोण आहात?” नीला म्हणाली, “मी ह्यांचं रेकॉर्डिंग करते.” अभिमन्यू पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. मथुराबाई मात्र डोळे मिटून, एकेक तारीख मोजल्यासारख्या, पूर्ण ऐकत होत्या.

त्यांच्या फुप्फुसातलं पाणी उतरलं. अकरा दिवसांनी त्या घरी गेल्या. उरलेले शब्द झाले नाहीत. नीलानं विश्वेश्वरला सांगून टाकलं की होणार नाहीत, आणि सीडी दीडशे शब्द कमीच निघाली. तो महिनाभर तिच्याशी कामापुरतं बोलत होता. येलहंक्याला ती पहिल्यांदा गेली तेव्हा अभिमन्यूनं दार उघडलं आणि आत ये असं म्हटलं नाही. आतून मथुराबाईच म्हणाल्या, “येऊ दे रे तिला.” माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. नीलानंही मागितलं नाही. पण ती शनिवारी दुपारी जायला लागली, आणि मथुराबाईंनी एक रीत पाडली. चहा झाला की त्या बोलणं थांबवायच्या, टीव्ही बंद करायला लावायच्या आणि खिडकीकडे तोंड करून म्हणायच्या, “बघ. किती आहे?” नीला त्यांच्या शेजारी वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसून ऐकायची. कधी म्हणायची, नाही. कधी, थोडी आहे, मागच्या वेळेइतकीच. मथुराबाई तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या, पूर्वी न दिसणाऱ्या माणसांचे आवाज पारखायच्या तशा, आणि मग मान हलवायच्या. त्या बघण्यात विश्वास नव्हता. तो परत आला नाही. दर शनिवारी नव्यानं तपासून घ्यायचं असं काहीतरी त्याच्या जागी आलं होतं, आणि नीलाला वाटायचं की आपल्याला एवढंच झेपेल.

मार्चमधल्या एका शनिवारी मथुराबाई छान दिसत होत्या. केस धुतलेले, गाल भरलेले, एक्स्चेंजमधली कसलीशी गोष्ट सांगत होत्या, अभिमन्यू हसत होता. पुढच्या रविवारी त्यांच्या भाचीचं लग्न होतं, म्हैसूरला, सगळं ठरलं होतं, नेसायची साडीसुद्धा खुर्चीवर काढून ठेवली होती. चहा झाला. अभिमन्यूनं टीव्ही बंद केला. विमानतळाच्या बाजूला एक विमान उतरलं, त्याचा आवाज विरेपर्यंत सगळे थांबले. “बघ,” मथुराबाई म्हणाल्या. नीलानं मोढा जवळ ओढला. पहिल्या श्वासात काही नव्हतं. दुसऱ्यात काही नव्हतं. तिसऱ्याच्या शेवटी, आत घेताना, अगदी तळाशी, ते खरवडणं होतं. इतकं बारीक की ते आहे असं जगात दुसरं कुणीही म्हणालं नसतं. नीलानं आणखी चार श्वास ऐकले. तिची नजर साडीवर गेली, तिनं ती काढून घेतली.

“आहे,” ती म्हणाली. “परत सुरू झालंय. आत घेताना.”

अभिमन्यू म्हणाला, “पण मॅडम, ती तर एकदम बरी...”

मथुराबाई नीलाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागल्या.

“गाडी काढ रे,” त्या अभिमन्यूला म्हणाल्या.